आरा मशीनवर आग लागली तर: सिलिंडर, पाण्याचे दोन ड्रम आणि भाजल्यानंतरची पहिली वीस मिनिटं

भाजलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो: भाजल्यावर पाणी किती वेळ ओतलं? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "थोडंसं शिंपडलं." आरा मशीनवरून आलेला रुग्ण असेल तर उत्तर आणखी छोटं असतं. "पाणी नव्हतंच ना डॉक्टरसाहेब, मशीन वावरात होती."

हा लेख त्या उत्तरासाठी आहे. ट्रॅक्टरच्या मागे जोडून किंवा डिझेल इंजिनावर चालणारी फिरती आरा मशीन ज्यांच्या घरची आहे, त्यावर जे मजुरीला जातात, किंवा ज्यांच्या बांधावरचं बाभूळ-कडुनिंब कापायला ती येते, त्या सगळ्यांनी तो वाचावा. घरातल्या बायकांनीही वाचावा, कारण या मशीनचा भुसा शेवटी घरातच येतो. परतवाड्याकडे, मेळघाटच्या पायथ्याला, सागवानाच्या व्यवहारामुळे लाकूडकटाईचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत बांधावरची आणि जळणाची लाकडं जास्त कापली जातात. काम वेगवेगळं असलं तरी धोका एकच आहे: कोरडा भुसा, तापलेलं इंजिन आणि मे महिन्यातलं वऱ्हाडातलं ऊन.

आग नेमकी कुठून लागते?

पात्यामुळे आग लागते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होतंही. बांधावरच्या झाडात जुना खिळा किंवा तारेचा तुकडा रुतलेला असतो, पातं त्यावर घासलं की ठिणगी उडते. पण जास्त धोका मशीनच्या न दिसणाऱ्या भागांत असतो. सायलेन्सरवर साचलेला भुशाचा थर, ग्रीस संपून तापलेलं बेअरिंग, सैल होऊन घसरणारा पट्टा, उंदरांनी कुरतडलेली वायर, ही त्याची नेहमीची कारणं. पात्याला धार लावताना किंवा तुटलेलं पातं जोडताना उडणाऱ्या ठिणग्या शेजारच्या भुशात पडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. विडीबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: मशीनपासून लांब जाऊन ओढा आणि थोटूक पाण्यात टाका, भुशात नको.

डिझेलबद्दल एक गैरसमज फार पक्का बसला आहे. "पेट्रोल पेटतं, डिझेल तसं पेटत नाही," असं लोक सांगतात. थंड प्रदेशात ते बऱ्याच अंशी खरं आहे. आपल्याकडे वाहनांसाठी मिळणाऱ्या डिझेलच्या मानकात, ठिणगी मिळाल्यावर त्याची वाफ पेटू शकेल असं तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवलेलं आहे. अकोल्यात मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४४-४५ अंशांवर जातं. उन्हात ठेवलेला कॅन त्याहून तापतो. म्हणजे त्या दिवसांत डिझेलला पेट्रोलइतकाच मान द्यायचा. इंजिन बंद करा, दहा-पंधरा मिनिटं निवू द्या, मगच इंधन भरा. चेनसॉमध्ये पेट्रोल भरतानाही तेच. कॅन मशीनजवळ ठेवू नका आणि पऱ्हाटीच्या किंवा तुराट्यांच्या ढिगाजवळ तर नकोच.

उडणारी बारीक भुकटी हा वेगळा प्रकार आहे. लाकडाची अगदी बारीक, कोरडी धूळ हवेत पसरली आणि तिला ज्वाळा मिळाली, तर ती जळत नाही, भडकते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन मोठ्या सॉ मिलमध्ये असे स्फोट झाले, जानेवारीत बर्न्स लेक इथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज इथे. दोन्हीकडे दोन-दोन कामगार गेले आणि चाळीसहून जास्त जखमी झाले. तिथे किडीने वाळून मेलेल्या पाइनची लाकडं कापली जात होती आणि त्यांची धूळ फार कोरडी होती. उघड्या वावरातल्या मशीनवर एवढा स्फोट होत नाही, वारा धूळ घेऊन जातो. पण ऊन लागतं म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली असेल आणि आत वाळलेलं लाकूड कापलं जात असेल, तर ती जागा उघडी राहत नाही. ताडपत्री वर बांधा, बाजू मोकळ्या ठेवा.

कोणता सिलिंडर घ्यायचा?

अग्निशामक सिलिंडरमध्ये अनेक प्रकार असतात. दुकानदार सगळे दाखवतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं. फिरत्या आरा मशीनसाठी उत्तर सोपं आहे: एबीसी पावडरचा, सहा किलोचा, आयएसआय चिन्ह असलेला. त्यावर आयएस १५६८३ हा मानक क्रमांक छापलेला असतो. लाकूड-कापड, डिझेल-पेट्रोल आणि गॅस, या तिन्ही आगींवर तो चालतो. विजेच्या मोटारीवर मारला तरी विजेचा झटका बसत नाही, अर्थात आधी वीज बंद करणं बरं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर विजेच्या पॅनेलसाठी चांगला असतो, पण वावरात वारा तो वायू उडवून नेतो आणि लाकडाच्या निखाऱ्यावर त्याचा उपयोग जवळजवळ नसतो.

सिलिंडर इंजिनाजवळ टांगू नका. आग बहुधा तिथेच लागते आणि तो काढायला ज्वाळेत हात घालावा लागतो. ट्रॅक्टरवर टांगला तर हादऱ्यांनी आतली पावडर घट्ट बसते. म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून हलवा, आत पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे. घड्याळासारख्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, नळीत गांधीलमाशीने घर तर केलं नाही ना, एवढं बघायला मिनिटही लागत नाही. सावलीत ठेवा. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. आणि एकदा थोडासा जरी वापरला असेल, तरी पुन्हा भरून घ्या. वापरानंतर पावडरचे कण झडपेत अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. काट्यावर विश्वास ठेवून तो पुन्हा टांगून ठेवलेला सिलिंडर गरजेच्या दिवशी रिकामा निघतो.

वापरायची रीत अशी. आधी ओरडून सगळ्यांना सांगा आणि कुणाला तरी इंजिन बंद करायला, डिझेलचा कॉक फिरवायला सांगा. वाऱ्याकडे पाठ करून, आगीपासून दोन-तीन मीटरवर उभे राहा. पिन ओढा. नळीचं तोंड ज्वाळेच्या शेंड्यावर नको, बुडाशी धरा. दांडा दाबा आणि अंगण झाडल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवत हळूहळू पुढे जा. भुशाच्या ढिगावर एकदम जवळून मारू नका. जोराने पेटता भुसा उडेल, आणि उडालेला भुसा म्हणजे वर सांगितलेली ती भडकणारी धूळ.

हे सगळं करायला तुमच्याकडे किती वेळ असतो? सहा किलोचा सिलिंडर जेमतेम दहा-पंधरा सेकंदांत संपतो. एवढ्यात आग विझली नाही, किंवा आग तुमच्या उंचीहून मोठी आहे, किंवा पळायची वाट आगीच्या पलीकडे आहे, तर सिलिंडर तिथेच टाकून निघा. १०१ किंवा ११२ ला फोन लावा. मशीन पुन्हा येते. त्या दहा सेकंदांच्या हट्टापायी हातांची बोटं आखडलेली माणसं मी पाहिली आहेत.

पावडरने ज्वाळा विझते, भुसा नाही

सिलिंडरवर छापलेल्या सूचनांत ही गोष्ट नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पावडर ज्वाळेवर बसते आणि ज्वाळा दिसेनाशी होते. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण भुशाच्या ढिगात निखारा आत शिरलेला असतो. भुसा हवा धरून ठेवतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि आतल्या आत तासन् तास धुमसत राहतो. वर पावडरचा पांढरा थर, खाली निखारा. रात्री वारा सुटला की तोच ढीग पुन्हा पेटतो, तेही शेजारी माणसं झोपलेली असताना.

म्हणून दुसरा टप्पा पाण्याचा. ज्वाळा गेल्यावर, आणि डिझेल सांडलेलं नाही व वीज बंद आहे याची खात्री करून, ढिगावर झारीने किंवा मगाने हलकं पाणी टाका, पाइपची धार नको. मग फावड्याने ढीग पसरवा, पुन्हा पाणी टाका, पुन्हा उलथवा. भुसा पाणी लवकर पीत नाही, वरून ओघळून जातं. पाण्यात कपडे धुवायची थोडी पावडर मिसळली तर ते आत शिरतं. शेवटी ढिगाजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब लागते का बघा. रोज काम संपल्यावरही, आग लागलेली नसताना, मशीन बंद झाल्यापासून अर्ध्या तासाने एक फेरी मारा आणि सायलेन्सर, बेअरिंग, भुसा हे तीन बघा. संध्याकाळी घाईने निघून जाणं हीच सगळ्यात धोक्याची सवय आहे.

आता घरातल्या भुशाचं. भुशाची शेगडी आपल्याकडे अजून पेटते. मशीनवरून पोतं भरून आणलं की ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं जातं. त्या पोत्यात एखादी ठिणगी आलेली असू शकते. आणलेलं पोतं पहिल्या रात्री घराबाहेर, मोकळ्यावर ठेवा. आणि भुशाची शेगडी बंद खोलीत, विशेषतः थंडीत दार-खिडकी लावून, पेटवून झोपू नका. त्याचं कारण पुढे धुराच्या भागात येईल.

दोन ड्रम का?

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं पाणी, हा भाजण्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रथमोपचार आहे. यापेक्षा चांगलं मलम अजून निघालेलं नाही. आग विझली तरी कातडीत अडकलेली उष्णता खालच्या थरांना भाजत राहते. पाणी ती काढून घेतं, त्यामुळे जखम उथळ राहते, वेदना आणि सूज कमी होते, पुढे कातडी बसवायची वेळ टळू शकते. लगेच ओतणं उत्तम, पण पहिल्या तीन तासांत केव्हाही ओतलं तरी उपयोग होतो. त्यामुळे "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका.

वावरात नळ नसतो. मगाने ओतायचं म्हटलं तर साधारण दर सहा सेकंदांना एक लिटर, म्हणजे मिनिटाला दहा लिटर, वीस मिनिटांना दोनशे लिटर. आपला साधा मोठा ड्रम बरोबर दोनशे लिटरचा असतो. पण तोच ड्रम आग विझवायला वापरला, तर माणसासाठी काय उरलं? म्हणून दोन ड्रम. एकाला लाल पट्टा, आगीचा. त्यात कपड्यांची पावडर मिसळली तरी चालेल. दुसऱ्याला पांढरा पट्टा, माणसाचा. त्याला झाकण हवं, त्यात काही मिसळायचं नाही, आणि मजुरांनी हात-पाय धुवायलाही तो वापरायचा नाही.

उन्हात ठेवलेल्या ड्रमचं पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं, त्याने भाजलेली जागा निवत नाही. ड्रम झाडाखाली ठेवा आणि त्याला ओलं गोणपाट गुंडाळा, माठाला करतो तसंच. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांत, विहिरी-बोअरचं पाणी खारट असतं. आगीच्या ड्रमात ते चालतं. फक्त लोखंडी ड्रम सडतो, प्लॅस्टिकचा घ्या. माणसाच्या ड्रमात शक्यतो पिण्याचं पाणी भरा. पण भाजलंय आणि खारंच पाणी हाताशी आहे, तर गोडं पाणी शोधत बसू नका, तेच ओता.

माझ्या एका ओळखीच्या मशीनवाल्याला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, पाण्याच्या टंचाईत चारशे लिटर कोण अडवून ठेवतं? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ही मागणी जड आहे. पण ते पाणी फेकायचं नाही. आठवड्याने बदलताना झाडांना घाला, गुरांना पाजा. रिकामं करायचं ते नवीन भरायची सोय झाल्यावरच.

अंगाला आग लागली तर

पेटलेला माणूस पळतो. पळाला की वारा लागून आग वाढते आणि ज्वाळा चेहऱ्याकडे जातात. त्याला आडवा पाडा, जमिनीवर लोळवा, चेहरा हातांनी झाकायला सांगा. पाणी ओता किंवा सुती गोधडी, घोंगडं टाकून आग दाबा. नायलॉनची चादर किंवा ताडपत्री नको, ती वितळून चिकटते. आग विझली की पांघरूण लगेच काढा, नाहीतर उष्णता आतच कोंडते. मग पांढऱ्या पट्ट्याचा ड्रम.

पाणी ओतत असतानाच अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, पायातले जोडवे, कमरेचा पट्टा काढा. तासाभरात सूज येते आणि मग अंगठी कापावी लागते. जळके कपडे काढा, पण कातडीला चिकटलेला तुकडा ओढू नका, त्याच्या भोवतीचा कपडा कात्रीने कापा. मोठा भाग भाजला असेल, किंवा मूल असेल, तर भाजलेल्या जागेवरच पाणी ओता आणि बाकीचं अंग कोरडं, झाकलेलं ठेवा. भर मे महिन्यातही असा माणूस काकडतो आणि ते काकडणं धोक्याचं असतं. बर्फ लावू नका.

टूथपेस्ट, हळद, तूप, निळी शाई, अंड्याचा बलक, शेण, बटाट्याचा कीस, घरातलं पिवळं मलम, यातलं काहीही नको. हे मी रागावून सांगत नाही, यामागची माया मला कळते. पण यातल्या बऱ्याच गोष्टी उष्णता आत कोंडतात, काहींतून जंतू जातात, आणि रंगामुळे जखम किती खोल आहे हे आम्हाला दिसत नाही. मग ते सगळं घासून काढावं लागतं आणि रुग्ण ते जन्मभर विसरत नाही. फोड फोडू नका. वीस मिनिटांनंतर स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैल झाका. हात भाजला असेल तर स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालून मनगटाशी सैल बांधला तरी चालतो. ओली चादर गुंडाळून पन्नास किलोमीटरचा प्रवास करवू नका.

सिलिंडरची पावडर जखमेत गेली असेल तर ती विषारी नसते, पाण्याने निघून जाते. डोळ्यांत गेली तर डोळे उघडे धरून पंधरा मिनिटं धुवा. दम्याच्या रुग्णाला त्या धुरळ्यातून लवकर बाहेर काढा.

विजेने भाजलं असेल तर आधी वीज बंद, मग हात लावा. बाहेरून जखम छोटी दिसते, पण आत स्नायू आणि हृदयावर परिणाम झालेला असू शकतो. अशा प्रत्येक रुग्णाला दवाखान्यात न्यायचंच, तो चालत-बोलत असला तरी.

धूर: जो दिसत नाही तो जास्त मारतो

आगीत सापडलेल्या माणसाच्या अंगावर एक डाग नसतो, तरी तो धोक्यात असू शकतो. लाकूड धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखं बोलणं, झोप येणं ही लक्षणं. भुशाच्या शेगडीने बंद खोलीत होतं ते हेच.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालं वाटतं आणि तो ९८ दाखवतो. आकडा चांगला आला म्हणून घरी झोपवू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासाच्या आत निम्मा होतो. म्हणून रुग्णवाहिकेतच ऑक्सिजन लावून मागा.

आणखी काही खुणा पाहून लगेच निघा: आवाज घोगरा झाला आहे, नाकातले केस किंवा भुवया जळल्या आहेत, थुंकीत काजळी आहे, ओठ-जीभ सुजली आहे, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो. अशा माणसाचा घसा आतून सुजत असतो आणि काही तासांत श्वासाची वाट बंद होऊ शकते. त्याला झोपवू नका, बसवून न्या. तोंडाने काही देऊ नका.

दवाखान्यात कधी, आणि कोणत्या?

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. तेवढ्या तळहातांनी मोजा. दहा तळहातांहून जास्त भाजलं असेल तर दाखल करावंच लागतं. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत त्याहून कमी भाजलं असलं तरी थांबू नका. मोठ्या भाजण्यात रक्तातलं पाणी झिरपून जातं आणि शिरेतून सलाइन लवकर सुरू व्हावं लागतं. चेहरा, हात, पाय, गुप्तांग किंवा मोठा सांधा भाजला असेल, वीज किंवा धूर असेल, किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर टक्के मोजत बसू नका.

एक फसवी खूण लक्षात ठेवा. खूप दुखणारी, लाल, फोड आलेली जखम बहुधा उथळ असते. पांढरी, तपकिरी, चामड्यासारखी आणि न दुखणारी जखम खोल असते, कारण तिथल्या नसाच जळलेल्या असतात. "दुखत नाही म्हणतो" हे ऐकून निर्धास्त होऊ नका.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आणि घाटाची वाट, परतवाड्याहून सुमारे पन्नास. एवढ्या अंतरासाठी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन, सलाइन आणि वेदनाशामक सुरू करून घ्या, मग अमरावतीत इर्विन किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाकडे न्या. सलाइनशिवाय थेट खासगी गाडीत टाकून धावणं लवकरचं वाटतं, पण रुग्णाला ते महाग पडतं. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आता एक अवघड गोष्ट. आरा मशीनला, फिरतीलाही, वन विभागाचा परवाना लागतो, आणि सगळ्यांकडे तो असतोच असं नाही. मग भाजलेल्या माणसाला रात्रभर घरी ठेवलं जातं, किंवा "चुलीवर भाजलं" असं सांगितलं जातं. भाजल्याच्या केसची नोंद पोलिसांकडे जाते, हे खरं आहे. पण उपचार त्या नोंदीसाठी थांबत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीला आधी उपचार द्यायचे, कायद्याची कामं नंतर. आणि आम्हाला खरं कारण कळणं गरजेचं असतं. डिझेलची आग, विजेचा झटका आणि बंद ताडपत्रीतला धूर, तिघांची तपासणी वेगळी असते. चुलीचं सांगितलं तर आम्ही धुराची तपासणी करायला चुकू शकतो.

बरं होताना

उथळ जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. तीन आठवड्यांनंतरही न भरलेल्या जखमेवर कातडी बसवावी लागू शकते, त्यासाठी लवकर दाखवा, वाट बघत बसू नका. या काळात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे असा प्रथिनांचा आहार भरपूर लागतो. "अंड्याने पू होतो" हे खरं नाही. बोटं आणि सांधे भाजले असतील तर सांगितलेले व्यायाम दुखत असले तरी रोज करा, नाहीतर कातडी आखडून बोटं वाकडी राहतात आणि पुन्हा मशीनवर लिव्हर धरता येत नाही. नव्या कातडीला खाज सुटते. खोबरेल तेलाने हलकं चोळा, खाजवू नका, आणि निदान वर्षभर उन्हात जाताना त्यावर सुती दुपट्टा घ्या.

कामावर परत जायचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा. जायच्या आदल्या दिवशी सिलिंडर भरून आला आहे का आणि दोन्ही ड्रम भरलेले आहेत का, हे कुणा दुसऱ्याला विचारू नका, स्वतः जाऊन बघा.